राडारोड्याचा हिवाळा

समोरच्या सोसायटीला हिरवा पडदा लागला. चार मजल्यांच्या अंगावर बांबू आणि कापड चढवायला दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून हातोड्याचा पहिला ठोका ऐकू आला. मी खिडकीशी वाटाणे सोलत बसले होते. हात थांबला नाही. नंतर पाहिलं तर दाणे सालींच्या ताटात पडले होते आणि साली पातेल्यात.

मुलुंडमध्ये डिसेंबर संपत आला की वाटाणा गोड होतो, सकाळी डोंगराच्या बाजूने तासभर गारवा येतो आणि इमारती पाडायचा हंगाम सुरू होतो. पावसात घर सोडायला कुणी तयार नसतं, आणि शेवटची दिवाळी जुन्याच घरात करायची असते. कंदील उतरले की टेम्पो येऊ लागतात. महिनाभर सामान जिन्यावरून उतरत राहतं. नाताळच्या सुमारास हातोडे येतात. शेतात सुगी असते तशी उपनगरात ही.

थंडीतली धूळ विरून जात नाही, वाऱ्याने हटत नाही. ती खिडक्यांच्या उंचीवर थांबून राहते. दुपारी मी पुस्तकांच्या कपाटावरून ओलं फडकं फिरवते; संध्याकाळी पुस्तकांच्या पाठींवर पुन्हा पिठासारखा थर असतो. चाळीस वर्षं मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं, त्यामुळे धूळ मला अनोळखी नाही. पण ग्रंथालयातली धूळ कागदाची असते, मऊ. ही बोटांत करकरते. तीन हिवाळ्यांपूर्वी आमची इमारत पाडली तेव्हा हीच धूळ सुधीरच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर असायची. संध्याकाळी तो दारात उभा राहून म्हणायचा, "ओळखलंस का?" आणि मी रोज म्हणायचे, "नाही बुवा. कोण आपण?"

सुधीर माझा नवरा. तीस वर्षं साइट इंजिनियर होता. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, जिथे जिथे त्याने इमारती उभ्या केल्या तिथे आधी काही ना काही पाडलं गेलं होतं. पाडलेलं कुठे जातं हे त्याने त्या तीस वर्षांत विचारलं नव्हतं. गाडी भरली की कागदावर सही करायची आणि गाडी फाटकाबाहेर पडली की पाठ फिरवायची, अशी रीत होती. पाडलेल्या मालाला वर्तमानपत्रं राडारोडा म्हणतात, साइटवर सगळे डेब्रिज म्हणतात. दोन्ही शब्दांत तो कुणाच्या तरी घराचा आहे हे ऐकू येत नाही.

तो निवृत्त झाला त्या वर्षी, थंडीतच, आम्ही एका रविवारी भांडुपच्या खाडीकडे रोहित पक्षी बघायला गेलो. दुर्बीण माझ्याकडे होती. पक्षी लांब होते, गुलाबी रेघेसारखे. मी त्या रेघेकडे बघत असताना सुधीर बांधाच्या खाली बघत होता. तिथे खारफुटीच्या मुळांमध्ये ट्रकभर भिंती पडल्या होत्या. त्यातली एक फरशी त्याने उचलली. फिकट पिवळी, कोपऱ्यात तपकिरी पान. "ही माझ्या साइटची आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "अशा फरश्या हजार ठिकाणी असतील." तो म्हणाला, "हं." पण त्याने अंगठ्याने तिच्यावरचा चिखल पुसला, बराच वेळ हातात धरली आणि मग होती तिथेच ठेवली. घरी जेवताना एवढंच म्हणाला, "तीस वर्षं सह्या केल्या गं मी."

म्हणून आमची इमारत पाडायची ठरली तेव्हा त्याने सोसायटीच्या सभेत उभं राहून एकच मागणी केली. लोक पार्किंगचं विचारत होते, बाल्कनीचं विचारत होते. सुधीर म्हणाला, "आपल्या इमारतीची एकही गाडी खाडीत जाता कामा नये. मी स्वतः बघीन." कुणी विरोध केला नाही. कुणी फारसं ऐकलंही नव्हतं. आमचे सेक्रेटरी कामत म्हणाले, "बघा ना, जरूर बघा. तुमचा वेळही जाईल."

आम्ही समोरच्याच गल्लीत भाड्याने राहिलो, दुसऱ्या मजल्यावर, त्याला खिडकीतून प्लॉट दिसावा म्हणून. दारं, खिडक्या, ग्रिल जुन्या सामानवाल्यांनी आधीच नेली होती. राहिलं ते भिंती आणि स्लॅब. सुधीरने आवारात चुन्याने चौकोन आखले: विटांचा, काँक्रीटचा, लोखंडाचा, लाकडाचा, काचेचा. मजूर बायका घमेली घेऊन यायच्या आणि तो हाताने दाखवायचा, इकडे, तिकडे. जे दळून पुन्हा वापरता येतं ते सगळं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका केंद्रात जायचं. तिथे त्याची वाळू होते, फूटपाथचे ठोकळे होतात. परब नावाचा ड्रायव्हर गाडी न्यायचा. राहायला भांडुपला, गाव कणकवलीकडे. तो त्या केंद्राला गिरण म्हणायचा. "साहेब, आज गिरणीत गर्दी होती हां," असं सांगायचा, जणू गहू दळून आणले.

पहिले पंधरा दिवस चोख गेले. मग कमलाबाई आली. ती त्या बायकांमधली सगळ्यांत मोठी, परभणीकडची, कपाळावर गोंदलेली. मी त्या वेळी सुधीरचा चहा घेऊन खाली गेले होते.

"साहेब, हे कुठं टाकू?"

"काय आहे?"

"देव हाय."

घमेल्यात तसबीर होती. दत्ताची, काच तडकलेली. सुधीर म्हणाला, "काच आहे, काचेत टाक."

"देव काचंत टाकू?"

"बरं, फ्रेम लाकडाची आहे. लाकडात टाक."

"तुमीच टाका," असं म्हणून तिने घमेलं त्याच्या पायाशी ठेवलं आणि हात जोडून निघून गेली.

त्या दिवशी अठरा तसबिरी निघाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी. घरं सोडताना चोवीस बिऱ्हाडांनी सोफे नेले, फ्रिज नेले, खिडकीतल्या कुंड्यासुद्धा नेल्या. आणि प्रत्येकाने माळ्यावर, दाराआड, मोरीच्या वरच्या फळीवर काहीतरी ठेवून दिलं होतं. तडा गेलेला गणपती. हात तुटलेला बाळकृष्ण. रंग उडालेली अन्नपूर्णा. देवांची चित्रं असलेली वर्षानुवर्षांची कॅलेंडरं, गुंडाळी करून रबर लावलेली. कचऱ्यात टाकवत नाही, नव्या घरात नेववत नाही. आपण ठेवून द्यायचं. पुढचं काय ते होईल. प्रत्येकाला वाटलं होतं, असं करणारे आपण एकटेच.

मुकादम मोरे डोकं खाजवत आला. "साहेब, बायका हात लावत नाहीत. गाडीत भरायला नको म्हणतायत. खाली देव, वर डेब्रिज, असं चालायचं नाही."

"मग तू लाव हात."

"मी कसा लावू? माझी पोरंबाळं आहेत साहेब."

"मला नाहीत. म्हणजे माझं काम सोपं," सुधीर म्हणाला आणि हसला. मोरेने जीभ चावली. मी चहाचे कप गोळा करत होते. खरंच हसला होता तो, मी पाहिलं.

मग तो एका उलट्या पिंपावर बसला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक तसबीर सोडवू लागला. मागचे खिळे काढायचे, पुठ्ठा काढायचा, काच काचेत, लाकूड लाकडात, खिळे लोखंडात. चित्रं तो बाजूला गठ्ठा करून ठेवायचा. मी एक पिशवी भरून जवळच्या देवळात नेली. पुजाऱ्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि पारामागे बोट दाखवलं. तिथे आधीच तीन पोती होती. "ताई, सगळं मुलुंड पाडतायत," ते म्हणाले. "आम्ही कुठे ठेवू?"

मी पिशवी परत आणली. सुधीरने गच्चीवरून उतरवलेली जुनी सिमेंटची टाकी पाण्याने भरली आणि चित्रं भिजत घातली. चार दिवसांत लगदा झाला. मातीच्या मूर्ती दुसऱ्या पिंपात. कमलाबाई येता-जाता टाकीत डोकावायची. एकदा तिने आपणहून काठी घेतली आणि ढवळलं. "पान्यात चालतं," ती म्हणाली.

कामत एकदा बघायला आले. पिंपाशेजारच्या ढिगातला एक गणपती त्यांनी ओळखला. "अरे, हा आमचा!"

"मग घेऊन जा," सुधीर म्हणाला.

"अहो कसा नेणार? तडा गेलाय."

"तडा गेलाय म्हणून मागे ठेवलात?"

"हो ना."

"कुणासाठी?"

कामतांनी रुमाल काढून चष्मा पुसला. "म्हणजे... कुणीतरी बघेल, असं."

त्या दिवशी घरी आल्यावर सुधीर मोज्यातली खडी झटकत म्हणाला, "तुझे दिवाळी अंक सापडले."

मी भाकरी थापत होते. आमच्या माळ्यावर दोन पोती होती. वाळवीने खाल्लेले, पाठी सुटलेले अंक, ग्रंथालयाने बाद केल्यावर मी घरी आणलेले. रद्दीत देववेना. निघायच्या दिवशी मी माळ्याचं दार लोटलं आणि खाली उतरले.

"विसरले वाटतं," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. मग आतल्या खोलीतून त्याचं हसू ऐकू आलं. "देवांबरोबर भिजत घातलेत. बरी सोबत आहे त्यांना."

या सगळ्यात आठ-नऊ दिवस गेले. आठ-नऊ दिवस तो धुळीत बसून खिळे उपसत होता, मास्क बहुतेक वेळ गळ्यात. संक्रांतीच्या आधी खोकला सुरू झाला. तिळाचा लाडू खाताना ठसका लागला आणि थांबेना. इस्पितळात नेल्यावर न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी धुळीला दोष दिला नाही. वय सांगितलं, साखर सांगितली. मीही दोष देत नाही. पण कधी कधी दुपारी हातोडे थांबतात तेव्हा माझ्या मनात कामतांचा गणपती येतो, माझी दोन पोती येतात, आणि मी उठून फडकं ओलं करते.

तो दाखल झाला तेव्हा चार-पाच दिवसांच्या गाड्या राहिल्या होत्या. बिल्डरला पायाचं खोदकाम सुरू करायचं होतं, ढीग हलवायची घाई होती. सुधीरने ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला सांगितलं, "तू उभी राहा. गाडी निघताना बघ, आणि परबला म्हणावं तिथे पोहोचल्यावर फोटो पाठव." मी सकाळी प्लॉटवर उभी राहायचे आणि चारच्या भेटीच्या वेळी त्याला फोनवरचा फोटो दाखवायचे: उचललेला हौदा, घसरणाऱ्या विटा, मागे केंद्राचं पत्र्याचं छप्पर. तो दोन बोटांनी फोटो मोठा करून बघायचा. घरातल्या भिंतींचे रंग ओळखायचा. "हा पोपटी देसायांचा." "ही आपली मोरी." तेवढ्याने त्याला बरं वाटायचं. कुणी नातवंडांचे फोटो बघतात तसं.

गाड्यांच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या पुढे परबचा फोन आला. मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर होते. नुकतंच डॉक्टरांनी बोलावून सांगितलं होतं की रात्रीपर्यंत असंच राहिलं तर नळी घालावी लागेल, आणि एका कागदावर बोट ठेवून इथे सही करा म्हणाले होते. पेन माझ्या हातात होतं.

"काकी, गिरण बंद आसा," परब म्हणाला. "मशीन बिघडला म्हणतत. दोन दिवस घेवचे नाय. भरलेली गाडी घेऊन उभो आसंय. हंयसून हटवा म्हणान पोलीस ओरडतत. परत आणूक जागा नाय, प्लॉटवर जेसीबी लागलो. काय करू ता सांगा."

मला सांगता आलं असतं. गाडी भांडुपला तुझ्या घराजवळ लाव, दोन दिवसांचं बघू, मी मोरेशी बोलते, कामतांशी बोलते. हे सगळं मला नंतर सुचलं, आणि तेव्हापासून रोज सुचतं. त्या वेळी समोर नर्स उभी होती आणि कागदावर सहीची जागा रिकामी होती.

"तुला जमेल तिथे टाक," मी म्हटलं.

"नक्की काय?"

"टाक रे. कुठेही टाक."

मी सही केली. चार वाजता आत सोडलं. सुधीरने डोळे उघडले. बोलायला त्याला फार वेळ लागायचा.

"शेवटची?"

"गेली."

"नीट?"

"नीट."

"फोटो?"

"फोनची बॅटरी संपलीय. उद्या दाखवते."

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर ते असायचं, ग्रंथालयात पुस्तकं परत करायला यायची तेव्हा. त्या रात्रीच नळी घातली, आणि दोन दिवसांनी तो गेला. उद्या दाखवायची वेळ आली नाही.

यानंतर लोक भेटायला आले. सगळे म्हणाले, काय माणूस होता, आपल्या इमारतीची एक वीटसुद्धा वाया जाऊ दिली नाही त्याने. कामतांनी शोकसभेत तेच सांगितलं. मी ऐकून घेतलं. नव्या इमारतीत राहायला आलो... आले. अजूनही असं होतं लिहिताना. इथे सहाव्या मजल्यावर खूप उजेड आहे, भिंती पांढऱ्या आहेत, नळाला जोर आहे. थंडी आली की खिडकीतून पूर्वेकडे मिठागरांच्या पलीकडे खाडीवर धुरकट पट्टा दिसतो. मी तिकडे फार वेळ बघत नाही.

परवा खाली दूध आणायला गेले तर समोरच्या फाटकातून डंपर बाहेर पडत होता आणि गाडीवर परब होता. केस पांढरे झालेत. मला बघून त्याने गाडी कडेला घेतली आणि उतरून वाकला. मी नको नको म्हणेपर्यंत पायाला हात लावून झाला होता.

"काकी, बऱ्या आसास? साहेबांची लय आठवण येता. असो माणूस परत गावाचो नाय."

मी इकडचं तिकडचं विचारलं. मुलगी बारावीला आहे त्याची. मग हातात दुधाची पिशवी धरून मी तीन वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. "परब, ती शेवटची गाडी. गिरणी बंद होती तेव्हाची. कुठे रिकामी केलीस?"

त्याने खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, डंपरकडे बघितलं, जणू तिथे लिहिलेलं असेल. "खरां सांगू काकी, माका आठवत नाय. तेच्यानंतर किती गाडये ओतले."

"खाडीकडे?"

"असात. नायतर खंय तरी भराव चालू आसतलो थंय. खोटा कशाक बोलू? नाय आठवत."

मागून रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की काहीतरी होईल. रडू येईल, किंवा हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी विचारलं, "ही गाडी कुठे चाललीय?"

"गिरणीत. ही सोसायटी सरळ आसा."

"मला नेशील?"

"तुमका?" त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं. "दीड तास लागतलो, काकी. धूळ किती!"

"माहीत आहे."

त्याने दूध आमच्या वॉचमनकडे देऊन टाकलं आणि मला हात धरून वर चढवलं. डंपरची बैठक एवढी उंच असते हे मला माहीत नव्हतं. रस्त्यावरची माणसं, झाडांच्या फांद्या, दुकानांवर साचलेली धूळ, सगळं खाली. मानखुर्दच्या अलीकडे गाडी बराच वेळ खोळंबली. तिथे मी परबला सांगितलं, "मी त्यांना सांगितलं होतं, नीट गेली म्हणून." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बहिणीलाही नाही.

परब पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे बघत राहिला. "मगे काय सांगतलास तेंका?" तो म्हणाला. आणि गाडी पुढे घेतली.

केंद्र फोटोत दिसायचं त्यापेक्षा लहान होतं. पत्र्याच्या छपराखाली मशीन गुरगुरत होतं आणि एक माणूस पाइपने ढिगांवर पाणी मारत होता. परबने हौदा उचलला. आधी काही झालं नाही, मग समोरच्यांची अख्खी भिंत एकदम घसरली: आकाशी रंग, गुलाबी रंग, कडाप्प्याचे तुकडे, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा काळा झालेला कोपरा. दोन बायका पुढे झाल्या आणि त्यातून कापडं, वायरी, प्लास्टिक वेचू लागल्या. पट्ट्यावरून विटा वर चढत होत्या आणि पलीकडे बारीक राखाडी वाळू पडत होती. मी ती मुठीत घेऊन पाहिली. ओली होती, गार होती, आणि तिच्यात कुणाचाही रंग ओळखू येत नव्हता. सुधीर इथे कधी आला नव्हता. त्याला आपल्या प्लॉटचं फाटक सोडता येत नसे. तो फोटोच बघायचा. मी त्याच्या वतीने उभी राहिले म्हणावं, तर तसंही वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी घराची एक गाडी जिथे जायची तिथे गेली, आणि मी ती जाताना पाहिली. पाणी मारणाऱ्या माणसाने विचारलं, "माताजी, कुछ चाहिए?" मी नाही म्हटलं आणि मूठ ढिगावर रिकामी केली.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. पहिल्याच खड्ड्यात मी बैठकीवरून उडाले आणि खांदा दारावर आपटला. येताना असं एकदाही झालं नव्हतं.

"घट्ट धरा, काकी," परब म्हणाला. "रिकामी गाडी जास्त आदळता."

मी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मुलुंडपर्यंत सोडला नाही.